त्वरण कळायचं असेल तर दादरच्या फलाटावर उभे राहा

परळला आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. नववी ते अकरावीची मुलं येतात. 'त्वरण' या शब्दाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: वेगातील बदलाचा दर. मग मी विचारतो, "एक जलद लोकल सरळ रुळावर ताशी ८० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालली आहे आणि एक धीमी लोकल दादरच्या फलाटावरून नुकतीच हलली आहे. त्वरण कोणाचं जास्त?" बहुतेक हात जलद लोकलसाठी वर जातात.

उत्तर उलटं आहे. जलद लोकलचं त्वरण शून्य आहे. नुकत्या हललेल्या लोकलचा वेग जेमतेम चालत्या माणसाइतका असेल, पण त्वरण तिच्याकडेच आहे.

या चुकीचा दोष मी मुलांना देत नाही. शब्दच तसा आहे. त्वरण हा 'त्वरा'चा भाऊ, आणि घरात आपण "त्वरा कर" म्हणतो ते "लवकर कर" या अर्थाने. त्यामुळे त्वरण म्हणजे 'खूप वेग' असं मनात बसून जातं. अकरावीला इंग्रजी माध्यमात गेल्यावर हाच शब्द 'अ‍ॅक्सिलरेशन' होऊन समोर येतो आणि जुना गोंधळ नव्या नावाने पुढे चालू राहतो. म्हणून सूत्र नंतर पाहू. आधी गाडीकडे बघू.

पहिली पायरी: वेग नीट धरा

चाल म्हणजे किती भरभर. वेग म्हणजे किती भरभर आणि कोणत्या दिशेने. चर्चगेटकडे ताशी ५० आणि विरारकडे ताशी ५० ही चाल एकच, वेग मात्र दोन वेगळे. दिशेची ही शेपटी आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

दुसरी सवय एककांची. भौतिकशास्त्रात वेग मीटर प्रति सेकंदात लागतो आणि आपल्या डोक्यात तो ताशी किलोमीटरमध्ये असतो. ३.६ ने भागायचं, एवढंच. त्यापेक्षा सोपं म्हणजे अठराचा पाढा: ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०. एवढे चार आकडे पाठ असले की निम्मी उदाहरणं तोंडी सुटतात.

दुसरी पायरी: दर सेकंदाला वेग लिहून काढा

आता लोकल सुटू द्या. मुंबईची लोकल सुटताना साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण घेते असं धरू. या वाक्याला घाबरू नका. त्याचा अर्थ इतकाच की दर सेकंद उलटला की तिचा वेग आधीपेक्षा सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढलेला असतो.

वहीत दोन रकाने पाडा, एक सेकंदांचा, एक वेगाचा. शून्य सेकंदाला वेग शून्य. एका सेकंदानंतर ०.५, दोन सेकंदांनंतर १, तीन सेकंदांनंतर १.५, चार सेकंदांनंतर २. दहाव्या सेकंदाला ५, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. विसाव्याला १०, म्हणजे ताशी ३६.

हा तक्ता खरंच लिहा, नुसता वाचू नका. वेग तुम्हाला रकान्यात दिसतो. त्वरण रकान्यात कुठेच नाही, ते एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना पडणाऱ्या फरकात आहे. प्रत्येक वेळी तो फरक ०.५ येतो. वेग बदलतो आहे, त्वरण तेच आहे. याला एकसमान त्वरण म्हणतात.

एककातल्या 'सेकंद वर्ग'ने अनेकांना छळलं आहे. चौरस मीटर डोळ्यांपुढे येतो, चौरस सेकंद कसा आणायचा? आणायचाच नाही. 'मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला' असं मोठ्याने वाचायचं. पहिला सेकंद वेगाच्या एककातला, दुसरा तो वेग बदलायला लागणाऱ्या वेळाचा. लिहिताना दोन्ही एकत्र येतात म्हणून वर्ग दिसतो. ताशी किलोमीटरमध्येच बोलायचं तर आपल्या लोकलचा वेग दर सेकंदाला ताशी १.८ किलोमीटरने वाढतो. असं म्हटलं तरी भौतिकशास्त्र चुकत नाही.

जिन्यावरून धावत येणाऱ्या माणसाचं गणित

इथे थोडं थांबतो, कारण या शहरात त्वरणाचा अंदाज चुकण्याची किंमत फार मोठी असते.

पुलाच्या जिन्यावरून माणूस उतरतो. गाडी हललेली असते. चौथ्या सेकंदाला तिचा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी ७ किलोमीटर, झपझप चालण्याइतका. डोळा सांगतो, "मिळेल." तो धावायला लागतो. सहाव्या सेकंदाला गाडी ताशी ११ च्या आसपास पोचते, म्हणजे हलक्या धावण्याइतकी. आठव्याला ताशी १४ च्या वर. दहाव्याला १८, आणि खांद्याला बॅग लावून गर्दीच्या फलाटावर या वेगाने धावणं बहुतेकांना जमत नाही. ज्या वेगाकडे बघून त्याने निर्णय घेतला तो वेग दांड्याला हात लागेपर्यंत शिल्लकच नसतो. आपले डोळे वेग बऱ्यापैकी जोखतात, त्वरण मात्र त्यांना नीट कळत नाही. धावत्या गाडीत चढू नका ही उद्घोषणा मी मुलांना याच तक्त्यातून समजावतो आणि तक्ता पाहिल्यावर ती त्यांना पटते.

शेवटच्या डब्याचं काय होतं तेही काढून बघा. बारा डब्यांची गाडी साधारण २५० मीटर लांब धरा. पहिला डबा फलाटाच्या टोकाशी उभा होता, तर शेवटचा डबा त्या टोकातून बाहेर पडेपर्यंत गाडीला २५० मीटर जावं लागतं. त्वरण तेवढंच राहिलं तर त्याला ३२ सेकंदांच्या आसपास लागतात आणि तेव्हा गाडी ताशी ५७ किलोमीटरवर असते. फलाट तोच, गाडी तीच, पण पुढे उभ्या असलेल्या माणसासमोरून पहिला डबा हळू निघतो आणि शेवटचा सणसणत जातो.

तिसरी पायरी: दिशा आणि उणे चिन्ह

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. "उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणं" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ते कधी खरं असतं, कधी नसतं.

आधी आपण ठरवायचं की अधिक दिशा कोणती. समजा विरारकडे जाणं अधिक, चर्चगेटकडे जाणं उणे. विरारकडची गाडी सुटताना वेग अधिक, त्वरणही अधिक. तीच गाडी ब्रेक लावते तेव्हा वेग अधिक आणि त्वरण उणे. इथपर्यंत ते वाक्य चालतं. आता चर्चगेटकडची गाडी सुटली. तिचा वेग उणे आहे आणि तो उणे बाजूलाच वाढतो आहे: उणे १, उणे २, उणे ३. फरक काढा. दर वेळी उणे. म्हणजे त्वरण उणे असूनही गाडी जोर धरते आहे. आणि ती ब्रेक लावते तेव्हा त्वरण अधिक येतं.

कसोटी एकच ठेवा: वेग आणि त्वरण एकाच दिशेने असतील तर चाल वाढते, विरुद्ध दिशेने असतील तर घटते. मंदन हा शब्द या दुसऱ्या परिस्थितीसाठी वापरायचा, नुसतं उणे चिन्ह बघून नाही.

हे अंगाने अनुभवायचं असेल तर लिफ्टसारखी प्रयोगशाळा नाही. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आहेत. तिथल्या एखाद्या लिफ्टमध्ये घरचा वजनकाटा घेऊन उभे राहा (वॉचमनकाकांना आधी सांगून). लिफ्ट वर जायला निघाली की काटा जास्त दाखवतो. मधल्या मजल्यांवर एकसारख्या वेगाने जाताना तो नेहमीचं वजन दाखवतो. वर थांबत आली की कमी. आता खाली या. निघताना कमी, तळमजल्यावर थांबताना पुन्हा जास्त.

वर निघणं आणि खाली येऊन थांबणं, दोन्ही वेळा काटा जास्त का? कारण दोन्ही वेळा त्वरण वरच्या दिशेला आहे. एकदा वर जाण्याचा वेग वाढतोय, एकदा खाली येण्याचा वेग घटतोय. प्रवासाची दिशा उलटी असली तरी त्वरणाची दिशा एकच. तुमचं वजन ५० किलो असेल आणि लिफ्टचं त्वरण सेकंद वर्गाला १ मीटर वर असेल, तर काटा ५५ च्या जवळ जाईल. वजन वाढलेलं नसतं, काटा तुम्हाला जास्त जोराने वर ढकलत असतो.

शिवाजी पार्कवर उडालेला झेल

चेंडू सरळ वर उडाला आहे. बॅटवरून निघताना वेग सेकंदाला २० मीटर वर. गुरुत्व त्वरण हिशोबासाठी १० धरा, दिशा खाली. दर सेकंदाला १० वजा करत जा: २०, १०, ०, उणे १०, उणे २०. चार सेकंदांत चेंडू परत खाली. मध्ये तो २० मीटर उंच, म्हणजे सहा-सात मजल्यांइतका, गेलेला असतो. हवेचा विरोध इथे सोडून दिला आहे.

आता प्रश्न. अगदी टोकावर, चेंडू क्षणभर थांबतो तेव्हा त्वरण किती? वर्गात उत्तर येतं, शून्य. पण त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर वेग बदलायला काही कारणच उरलं नसतं आणि चेंडू पार्काच्या वर तसाच लटकत राहिला असता. वर जाताना, टोकावर, खाली येताना, तिन्ही वेळा त्वरण तेच: १०, खाली. मध्येच काही चालू-बंद होत नाही. हा एक मुद्दा ज्याला पक्का समजला त्याला त्वरण समजलं असं मी धरतो.

अचूक आकडा हवा असेल तर मुंबईत गुरुत्व त्वरण ९.७९ च्या आसपास आहे. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पुस्तकात ९.८ वापरतात ते पुरेसं आहे. चंद्रावर ते १.६ आहे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने तिथे हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं आणि हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच खाली पडली.

चौथी पायरी: गोटी आणि केसिंग पट्टी

पडणारी वस्तू इतकी झटकन खाली येते की मोजायला सवडच मिळत नाही. गॅलिलिओपुढे हीच अडचण होती, आणि त्याच्याकडे तर सेकंद दाखवणारं घड्याळही नव्हतं. त्याने पडणंच हळू केलं. उतरत्या फळीतल्या खाचेतून गुळगुळीत गोळा सोडला आणि बारीक धारेने पडणारं पाणी तोलून वेळ मोजला. हे काम १६३८ साली छापून आलं.

आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. वायरिंगच्या दुकानातून दोन मीटरची केसिंग पट्टी आणा, झाकण काढा, एक टोक दहा-बारा सेंटीमीटर उंच करा. चाळीची गॅलरी असेल तर उत्तम, नाहीतर घरातला पॅसेज चालेल. गोटी सोडा, ढकलू नका. फोनवर व्हिडिओ घ्या आणि एक, दोन, तीन सेकंदांना गोटी कुठे होती तिथे खडूने खुणा करा. गोटी तीन सेकंदांच्या आत पट्टी संपवत असेल तर उंची थोडी कमी करा.

समजा पहिली खूण २० सेंटीमीटरवर आली. दुसरी ४० वर येत नाही, ८० च्या जवळ येते. तिसरी १८० च्या जवळ. पहिल्या सेकंदात २०, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात १००. एक, तीन, पाच. विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओला सापडला होता. उतार बदलला की आकडे बदलतील, पण एक-तीन-पाच हे प्रमाण राहील. गोटी पट्टीच्या कडेला घासली तर थोडं बिघडेल. बिघडू द्या, पुन्हा सोडा. दहा वेळा सोडल्यावर प्रमाण दिसायला लागतं आणि तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पाचवी पायरी: दोऱ्याला बांधलेली किल्ली

मेगाब्लॉक नसलेल्या रविवारी दुपारी, गाडी मोकळी असताना, अर्धा मीटर दोऱ्याला किल्ली बांधून डब्यात हातात धरा. गाडी सुटली की किल्ली मागे जाते. खरं तर ती मागे राहते. सेकंद वर्गाला अर्धा मीटर त्वरण असेल तर ती सरळ रेषेपासून अडीच सेंटीमीटर सरकेल, एक मीटर असेल तर पाच. हिशोब सोपा आहे: सरकलेलं अंतर भागिले दोऱ्याची लांबी, गुणिले ९.८. हातात धरलेला दोरा डोलतोच, म्हणून डोलण्याच्या मधली जागा धरा.

मग गाडी एकसारखी धावू लागली की बघा. ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीत किल्ली सरळ खाली लोंबते, अगदी फलाटावर उभ्या गाडीत लोंबते तशी. किल्लीला वेग कळत नाही, त्वरण कळतं. तुमच्या शरीराचंही तसंच आहे. म्हणून तर वेगात असलेल्या गाडीत माणसं काही न धरता पेपर वाचत उभी असतात आणि गाडी सुटताना मात्र सगळे हात वर कडीकडे जातात.

फोनमध्येही त्वरण मोजणारा संवेदक असतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप त्याचा आलेख दाखवतं. पण टेबलावर स्थिर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो म्हणून गोंधळू नका. संवेदक आतल्या एका बारीकशा वस्तूवर किती ढकल पडते ते मोजतो, आणि टेबल फोनला वर ढकलून धरतच असतं. 'गुरुत्वाशिवाय' हा पर्याय निवडा, की स्थिर फोन शून्याच्या जवळ येतो.

आता सूत्रं

आता ती आपोआप सुचतील. अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ. हा तर आपला तक्ताच. कापलेलं अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, अधिक अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळाचा वर्ग. हीच आपली गोटी. तिसरं सूत्र या दोघांतून वेळ काढून टाकल्यावर उरतं: अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. तिन्ही फक्त एकसमान त्वरणालाच लागू पडतात. उदाहरणात ते एकसमान आहे का, हे आधी वाचा.

एक सोडवू. गाडी ताशी ३६ ने चालली आहे, ब्रेक सेकंद वर्गाला ५ मीटरचं मंदन देतो. १० चा वर्ग १००, भागिले दोन गुणिले ५. थांबायला १० मीटर. आता वेग दुप्पट, ताशी ७२. २० चा वर्ग ४००, भागिले १०. थांबायला ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. पावसात रस्ता ओला होऊन मंदन निम्म्यावर आलं तर तेच ८० मीटर. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी २० मीटर.

वळणाबद्दल थोडक्यात. केम्प्स कॉर्नरला बस वळते तेव्हा वेगमापकाचा काटा जागचा हलला नाही तरी वेगाची दिशा बदलते, म्हणजे त्वरण आहेच, वळणाच्या आतल्या बाजूला. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ताशी ३६ आणि त्रिज्या ५० मीटर धरली तर सेकंद वर्गाला २ मीटर येतात, आपल्या लोकलच्या चौपट. बसमध्ये वळणावर शेजाऱ्यावर का रेललो, ते यातून कळतं.

शेवटी एक प्रश्न, जो मी दरवर्षी विचारतो. गाडी स्टेशनात थांबत येते तेव्हा आपण पुढे कलतो. पण गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी सगळा डबा एकदम मागे झोका खातो. का? ब्रेक लागलेला असताना पुढे पडू नये म्हणून आपले पाय शरीराला मागे रेटत असतात. चाकं थांबतात त्या क्षणी गाडीचं मंदन एकदम शून्य होतं, पायांचा रेटा मात्र आणखी क्षणभर तसाच राहतो, आणि तो आपल्याला मागे ढकलतो. पुढे तिरपी राहिलेली किल्लीही त्याच क्षणी मागे झेपावते. उद्या गाडी थांबताना बघा.